ओव्हरक्लॉकिंग आणि गेमिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न रोजच्या पीसीवर गेम खेळणाऱ्यांचे आहेत. बेंचमार्कचे विक्रम करणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, त्याचा उल्लेख पुढे एकदाच येईल.

ओव्हरक्लॉकिंगमध्ये नेमकं काय करतात?

प्रोसेसर, ग्राफिक्स चिप किंवा रॅम कंपनीने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा जास्त गतीने चालवतात. प्रोसेसरची गती दोन आकड्यांच्या गुणाकारातून येते. एक बेस क्लॉक, जो आजच्या मदरबोर्डांवर साधारण १०० मेगाहर्ट्झ असतो, आणि दुसरा मल्टिप्लायर. मल्टिप्लायर ५० असेल तर ५ गिगाहर्ट्झ, ५२ केला की ५.२ गिगाहर्ट्झ. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) हा आकडा बदलायला अर्धं मिनिट पुरतं. वेळ जातो तो त्या गतीला चिप न अडखळता चालते का हे तपासण्यात, आणि चालत नसेल तर व्होल्टेज, तापमान की रॅम, नेमकं काय आडवं येतंय ते शोधण्यात.

एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) किती वाढतील?

प्रोसेसर ४.७ वरून ५ गिगाहर्ट्झवर नेला तर गती वाढली सुमारे ६.४ टक्के. म्हणजे जिथे १०० एफपीएस मिळत होते तिथे फार तर १०६ मिळतील, आणि तेही गेम पूर्णपणे प्रोसेसरवर अडलेला असेल तर. प्रत्यक्षात वाढ त्याहून कमीच दिसते, कारण प्रोसेसरबरोबर रॅमचा वेग वाढलेला नसतो. गेम ग्राफिक्स कार्डवर अडला असेल तर प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकने एक फ्रेमही वाढणार नाही.

ग्राफिक्स कार्डांचंही तसंच. आजच्या कार्डांवर फायदा बहुतेकदा दहा टक्क्यांच्या आतच राहतो. ६० चे ६४ एफपीएस झाले तर एका फ्रेमला लागणारा वेळ १६.७ वरून १५.६ मिलिसेकंदांवर येतो. आकड्यात ही प्रगती आहे, पण खेळताना हाताला ती जाणवेलच असं नाही. ५५ वर घुटमळणारा गेम ६० च्या वर स्थिर झाला, तर मात्र ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर फरक लगेच कळतो. म्हणून टक्क्यांपेक्षा तुम्ही आज कुठे उभे आहात आणि कुठे पोचायचंय ते आधी बघा.

सुरुवात कुठून करायची?

गेम कशावर अडतोय ते शोधण्यापासून. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग मिळालेल्या निकालावर नाराज होतात.

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर ही सॉफ्टवेअर टाका. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) वापर, त्याचं तापमान आणि एफपीएस दिसतील अशी सोय करा. जीपीयूचा वापर सतत ९७ ते ९९ टक्के असेल तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा आहे. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर कार्ड रिकामं बसलंय, आणि त्याला काम पुरवणारा प्रोसेसर किंवा रॅम मागे पडतेय. त्याआधी व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) किंवा फ्रेमची मर्यादा चालू नाही ना, एवढं पाहून घ्या. नाहीतर ६० वर बांधलेल्या गेममध्ये कार्ड निवांत दिसणारच.

प्रोसेसरचा एकूण वापर पाहून इथे फसगत होते. १६ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असलेल्या प्रोसेसरचा वापर ३० टक्के दिसतो आणि माणूस म्हणतो, प्रोसेसरला तर भरपूर वाव आहे. पण गेमचा मुख्य थ्रेड एकाच कोअरवर चालतो, आणि तो कोअर पूर्ण भरलेला असू शकतो. खात्री करायची सोपी रीत अशी: रिझोल्यूशन एकदम खाली आणा आणि तीच जागा पुन्हा खेळा. एफपीएस वाढले तर कार्ड अडत होतं. तिथेच राहिले तर प्रोसेसर किंवा रॅम.

माझा मॉनिटर ४के आहे. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून उपयोग होईल?

बहुतेक गेममध्ये नाही. ४के चित्रात १०८०पीच्या चौपट पिक्सेल असतात, आणि ते सगळं ओझं ग्राफिक्स कार्डावर पडतं. डीएलएसएस किंवा एफएसआर चालू असेल तर चित्र थोडं बदलतं. तेव्हा गेम आतून कमी रिझोल्यूशनवर रंगवला जातो, कार्ड मोकळं होतं आणि प्रोसेसरवरचा ताण पुन्हा समोर येऊ शकतो. म्हणून वरची चाचणी तुम्ही रोज ज्या सेटिंगवर खेळता त्याच सेटिंगवर करा.

कोणत्या गेममध्ये प्रोसेसरचा वेग जास्त उपयोगी पडतो?

काउंटर-स्ट्राइक २, व्हॅलोरंट यांसारख्या स्पर्धात्मक गेममध्ये, कारण ते कमी ग्राफिक्सवर आणि २४० हर्ट्झ किंवा त्याहून वरच्या मॉनिटरवर खेळले जातात. तसंच ज्यांत पडद्यामागे मोठा हिशेब चालतो अशा गेममध्ये: सिटीज स्कायलाइन्स, फॅक्टोरिओ, स्टेलारिस, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. सायबरपंक २०७७ पाथ ट्रेसिंगसह (प्रकाशाचा मार्ग मोजून चित्र काढण्याची जड पद्धत) खेळत असाल तर ग्राफिक्स कार्डच आधी दमतं.

प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम यांतलं आधी काय वाढवावं?

माझं मत स्पष्ट आहे: रॅम. खरं तर रॅमवर तुम्ही आधीच पैसे मोजलेले असतात आणि बरेच जण तो वेग कधी चालूच करत नाहीत.

६००० वेगाची डीडीआर५ रॅम बसवली तरी मदरबोर्ड ती सुरुवातीला ४८०० किंवा तिच्या मूळ मानक वेगावरच चालवतो. पूर्ण वेग हवा असेल तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो हे प्रोफाइल (रॅमच्या पूर्ण वेगाची तयार सेटिंग) चालू करावं लागतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग दिसतो, तो आताच बघा. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर तुमचं पहिलं काम तेच.

गेमला याचा एवढा फायदा का होतो? कारण गेम चालवताना प्रोसेसरचा बराच वेळ रॅममधून माहिती येण्याची वाट पाहण्यात जातो. ही वाट किती लांब आहे ते मोजता येतं. सीएल आकड्याला (माहिती द्यायला रॅम क्लॉकचे किती ठोके घेते तो आकडा) २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदांत येतं. ४८०० वेग आणि सीएल ४० असेल तर १६.७ नॅनोसेकंद. ६००० वेग आणि सीएल ३० असेल तर १०. प्रोसेसरपर्यंतच्या पूर्ण प्रवासातला हा एक टप्पा आहे, पण फरक मोठा आहे. जुन्या डीडीआर४ मध्ये ३२०० वेग आणि सीएल १६ यांचंही उत्तर १० च येतं, म्हणजे नुसता वेगाचा आकडा मोठा म्हणून भुलायचं नाही.

याचा सगळ्यात चांगला पुरावा एएमडीनेच दिला. २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा ५८००एक्सपेक्षा गतीने कमी होता, ४.७ च्या जागी ४.५ गिगाहर्ट्झ. पण त्याच्या चिपवर ३२ ऐवजी ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी) होती. रॅमकडे धाव घ्यायची वेळच कमी येत असल्याने गेममध्ये तो सरस ठरला. गतीत मागे असूनही! याच कारणाने एक्स३डी प्रोसेसरवर वेगवान रॅमचा फायदा इतरांपेक्षा कमी दिसतो.

रायझन ७००० आणि ९००० मालिकेत ६००० हा वेग बहुतेकांना चांगला मानवतो, कारण तिथे मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) आणि रॅम एकाच तालात चालतात. फार वर गेलं की कंट्रोलर अर्ध्या वेगावर येतो आणि कमावलेलं हातचं जातं. रॅमची एकच पट्टी लावलेली असेल, तर आधी तशीच दुसरी पट्टी घेऊन ड्युअल चॅनल करा, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकत्र चालतील. कोणताही ओव्हरक्लॉक त्याची भरपाई करणार नाही.

एक्सएमपी लावल्यावर पडदा बराच वेळ काळा राहिला. बिघडलं का काही?

घाईने बटण दाबू नका. डीडीआर५ च्या मदरबोर्डांवर नव्या सेटिंगनंतर रॅमचं ट्रेनिंग (नव्या वेगाशी जुळवून घेणं) चालतं आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. मध्येच वीज बंद केली तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

ग्राफिक्स कार्ड कसं ओव्हरक्लॉक करायचं?

आफ्टरबर्नर उघडा. पहिल्यांदा पॉवर लिमिटची पट्टी उजवीकडे शेवटपर्यंत न्या. बरीच कार्डं वेगाच्या आधी विजेच्या मर्यादेला टेकतात, त्यामुळे एवढ्यानेच क्लॉक थोडा वर स्थिरावतो. मग एखादा गेम लावा, त्यातली एक ठरावीक जागा निवडा आणि दर वेळी तीच जागा मोजा. कोअर क्लॉक २५-३० मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी वाढवत न्या. कुठेतरी गेम अचानक बंद पडेल किंवा पडदा क्षणभर काळा होऊन ड्रायव्हर परत येईल. तिथून दोन पायऱ्या खाली या.

मेमरी क्लॉक त्यानंतर, वेगळा. तो १०० च्या पायऱ्यांनी वाढवा आणि प्रत्येक पायरीला निकाल लिहून ठेवा. इथे लिहून ठेवणं फार महत्त्वाचं आहे. मेमरी ताणली गेली की पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकोन उमटतात, ही जुनी खूण. पण जीडीडीआर६एक्स मेमरीच्या कार्डांत चूक ओळखून माहिती पुन्हा पाठवायची सोय असते. तिथे पडदा स्वच्छ राहतो, काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही, आणि एफपीएस मात्र गुपचूप घसरतात, कारण कार्डाचा वेळ चुका दुरुस्त करण्यात जातो. १००० ला मिळालेले एफपीएस ९०० पेक्षा कमी असतील, तर तुमची मर्यादा ९०० आहे, कार्ड १००० ला चालत असलं तरी.

विंडोज सुरू होताच सेटिंग लागू करण्याचा पर्याय लगेच निवडू नका. आठवडाभर वेगवेगळे गेम नीट चालले की मग निवडा.

व्होल्टेज वाढवायला हवं का? किती?

शक्यतो नको. वाढवायचंच असेल तर त्याची किंमत आधी समजून घ्या. चिपला लागणारी वीज गतीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा प्रोसेसर ५ वरून ५.२५ गिगाहर्ट्झवर नेला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३२ करावं लागलं. गती वाढली ५ टक्के, व्होल्टेज १० टक्के. १.०५ गुणिले १.१ चा वर्ग, म्हणजे १.२७. पाच टक्के गतीसाठी सत्तावीस टक्के जास्त वीज, आणि तेवढीच जास्त उष्णता कूलरने बाहेर टाकायची. गेममध्ये त्यातून हाती पडणार दोन-चार फ्रेम.

जादा व्होल्टेजने चिप खरोखर झिजते, ही केवळ भीती घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही. २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले, त्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणाऱ्या) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत गेम बंद पडण्याच्या तक्रारी वाढल्या, आणि २०२४ मध्ये इंटेलने त्याचा संबंध जादा व्होल्टेजशी असल्याचं सांगून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दुरुस्त केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्यातल्या अनेकांनी स्वतः काहीच ओव्हरक्लॉक केलेलं नव्हतं. हे प्रोसेसर तुमच्याकडे असतील तर बाकी काही करण्याआधी बायोस अद्ययावत करा.

मदरबोर्डच्या 'ऑटो' व्होल्टेजवर भिस्त ठेवू नका. पीसी बंद पडू नये म्हणून ते सढळ हाताने व्होल्टेज देतात.

तापमान किती चालेल?

इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सियस असते, रायझन ७००० च्या बऱ्याच चिपांची ९५. तिथे पोचल्यावर चिप स्वतःच गती कमी करते. गेम खेळताना चिप तिथे टेकत असेल, तर ओव्हरक्लॉक करूनही तुम्ही मूळ गतीच्या आसपास किंवा खालीच चालत असाल. अशा वेळी पहिला खर्च चांगल्या कूलरवर आणि कॅबिनेटमधल्या हवेच्या वाटेवर करावा. ग्राफिक्स कार्ड तर तापमान जसं वाढेल तसा क्लॉक थोडा थोडा उतरवत जातं, त्यामुळे धूळ झाडून पंख्याची सेटिंग सुधारली तरी क्लॉक वर टिकतो.

अंडरव्होल्टिंगबद्दल ऐकलं. ते तर उलटं झालं ना?

दिसतं उलटं, पण फळ बऱ्याचदा तेच मिळतं. कंपनी प्रत्येक चिपला थोडं राखीव व्होल्टेज देऊन पाठवते, म्हणजे कमजोर चिपही चालावी. तुमची चिप त्यापेक्षा चांगली असेल तर ते राखीव व्होल्टेज नुसतं उष्णता निर्माण करतं. ते कमी केलं की चिप थंड राहते, विजेच्या मर्यादेत वाव मिळतो आणि आजचे प्रोसेसर व कार्डं तो वाव वापरून स्वतःच गती वाढवतात. रायझनमध्ये हे कर्व्ह ऑप्टिमायझरने करतात, कार्डासाठी आफ्टरबर्नरमध्ये व्होल्टेज-क्लॉकचा आलेख उघडतात. पंख्याचा आवाज कमी होतो हा वेगळा लाभ. गेमिंगसाठी आज मला कोणी एकच गोष्ट विचारली, तर रॅमच्या प्रोफाइलनंतर मी हीच सुचवेन.

पूर्वी लोक पन्नास टक्के गती वाढवायचे. आता का होत नाही?

१९९८ चा सेलेरॉन ३००ए हे त्याचं गाजलेलं उदाहरण. बस (तेव्हाचा बेस क्लॉक) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चालायचा. २०११ च्या कोअर आय५ २५००के लाही ३.३ वरून ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत नेणारे पुष्कळ होते. तेव्हा चिपमध्ये शिल्लक असलेला वाव कंपन्या वापरत नव्हत्या. आता इंटेलचं टर्बो बूस्ट आणि एएमडीचं प्रिसिजन बूस्ट ही आपोआप गती वाढवणारी तंत्रं तो वाव खोक्यातून बाहेर काढल्यापासूनच वापरतात. कोअर आय९ १४९००के कंपनीकडूनच ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. त्यापुढे जायला जे लागतं ते घरच्या कूलरच्या आवाक्यातलं नाही: २०२३ मध्ये याच प्रोसेसरच्या केएफ आवृत्तीने ९ गिगाहर्ट्झ ओलांडले, ते द्रव हेलियम ओतून.

एफपीएस वाढले, तरी गेम मध्येमध्ये अडकतो. का?

सरासरी एफपीएस हा फसवा आकडा आहे. त्याऐवजी सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा आकडा बघा. सरासरी १२० आणि हा आकडा ४५ असेल तर गेम अडखळतच वाटणार. रॅमचा वेग वाढवल्याने आणि प्रोसेसर स्थिर गतीवर चालल्याने हा आकडा सुधारतो, कित्येकदा सरासरीपेक्षा जास्त. पण शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होताना बसणारे झटके, व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) भरल्यामुळे येणारे अडथळे किंवा संथ हार्ड डिस्क यांवर ओव्हरक्लॉकिंग हा उपाय नाही. व्हीरॅम भरत असेल तर टेक्स्चरची सेटिंग एक पायरी खाली आणा.

सेटिंग स्थिर आहे हे कसं ओळखायचं?

एका चाचणीवर विसंबू नका. प्रोसेसरसाठी सिनेबेंच आणि ओसीसीटी, रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर, कार्डासाठी ३डीमार्क आणि तुमचे नेहमीचे गेम. चाचणीच्या वेळी तापमान आणि व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो शेजारी उघडं ठेवा. कर्व्ह ऑप्टिमायझर वापरला असेल तर जड चाचणी पास होते आणि पीसी नुसता ब्राउझर उघडा असताना रीस्टार्ट होतो, कारण हलक्या कामात एकच कोअर सर्वात वरच्या गतीला जातो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाच्या हार्डवेअर चुकांच्या नोंदी दिसू लागल्या, तर पीसी अजून बंद पडला नसला तरी सेटिंग अस्थिर आहे.

रॅमची अस्थिरता सर्वात घातक. गेम नीट चालतो, पण डिस्कवर लिहिल्या जाणाऱ्या फाइलींमध्ये चुका शिरतात. डाउनलोड केलेला गेम पडताळणीत वारंवार नापास होऊ लागला, तर आधी रॅमवर संशय घ्या. आणि रॅमला हात लावण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन.

प्रोसेसर लॉक्ड असेल तर?

इंटेलमध्ये नावाशेवटी के असलेले प्रोसेसर आणि झेड मालिकेचे चिपसेट (मदरबोर्डची मुख्य चिप) लागतात. रायझन बहुतेक अनलॉक्ड असतात, पण ए५२० सारखा ए मालिकेचा चिपसेट असेल तर ओव्हरक्लॉक करता येत नाही. रॅमचं प्रोफाइल मात्र इंटेलच्या बी५६० आणि त्यानंतरच्या बी मालिकेतल्या बोर्डांवरही चालतं, म्हणजे मोठा वाटा तुम्हाला मिळतोच.

लॅपटॉपवर करावं का?

प्रोसेसरच्या बाबतीत नाही. लॅपटॉप आधीच तापमानाच्या काठावर चालतो. अंडरव्होल्टिंग तिथे फार गुणकारी असतं, पण २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यावर बऱ्याच लॅपटॉपांत बायोस अपडेटने ती सोय बंद झाली. तुमच्यात चालू असेल तर जरूर वापरा. ग्राफिक्स चिपचा क्लॉक आफ्टरबर्नरने थोडा वाढवता येतो.

वॉरंटी जाते का?

ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान इंटेल आणि एएमडी दोघांच्याही वॉरंटीत सहसा बसत नाही, आणि एएमडीचं प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हही (प्रिसिजन बूस्टच्या मर्यादा वाढवणारी सेटिंग) ओव्हरक्लॉकिंगमध्येच धरलं जातं. वॉरंटीच्या अटी वाचून मग हात घाला.

सेटिंग बदलल्यावर पीसी सुरूच होत नाही.

बहुतेक बोर्ड काही अयशस्वी प्रयत्नांनंतर आपोआप मूळ सेटिंगवर येतात. न आल्यास पीसी बंद करून वीज पूर्ण तोडा आणि बोर्डवरच्या क्लिअर सीमॉस पिना किंवा बटण वापरा. ते नसेल तर नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी काढून काही मिनिटांनी परत बसवा. यामुळे बायोस कोरा होतो, डिस्कवरची माहिती जशीच्या तशी राहते. चांगल्या चाललेल्या सेटिंगचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर सगळं परत भरायला पाच मिनिटं लागतात.

पीसी जुना आहे. ओव्हरक्लॉक करू की नवीन भाग घेऊ?

तुम्हाला हवा असलेला गेम ५० च्या आसपास चालतोय आणि ६० हवेत, तर ओव्हरक्लॉक करून बघा, खर्च फक्त वेळेचा आहे. जुन्या भागाची वॉरंटीही संपलेली असते, तेव्हा गमावण्यासारखं कमी असतं. मात्र पॉवर सप्लायही तितकाच जुना असेल तर व्होल्टेज मुळीच वाढवू नका. गेम ३० वर चालत असेल आणि ६० हवेत, तर ओव्हरक्लॉकिंगने ते अंतर कापलं जाणार नाही. चाचणीत अडथळा ठरलेला भाग बदला.